चावडीबाहेर घेतलेलं मत

लातूर

मे महिन्यात लातूरच्या क्लासमधल्या शिक्षकाइतकं रिकामं आणि तितकंच दमलेलं माणूस दुसरं सापडायचं नाही. परीक्षा होऊन गेलेली असते, निकाल लागायचा असतो, जुनी बॅच घरी गेलेली असते आणि नवीन बॅचचे आईबाप खोल्या शोधत उन्हात फिरत असतात. मी इथल्या एका क्लासमध्ये अठरा वर्षं जीवशास्त्र शिकवते. आवाज बसलेला, टाचा दुखऱ्या, आणि झोपेतसुद्धा "पर्याय क्रमांक तीन" असं पुटपुटते असं घरचे म्हणतात. भूकंपानंतर काही वर्षं लोक आम्हाला भूकंपाचं लातूर म्हणून ओळखायचे, आता क्लासचं लातूर म्हणून ओळखतात. दोन्ही वेळा बाहेरची माणसं गाड्या भरभरून आली. तेव्हा घोंगड्या घेऊन आली होती, आता गाद्या घेऊन येतात.

अशा रिकामपणात अनिकेतचा फोन आला. हा आमच्या एका जुन्या बॅचचा मुलगा. मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून पर्यावरणाकडे वळला आणि आता पुण्यातल्या एका संस्थेत मोठ्या हुद्द्यावर आहे. क्लासच्या भिंतीवर त्याचा फोटो नाही, पण सणासुदीला आठवणीनं फोन करणारा तेवढा एकच. त्यानं सांगितलं ते असं. जंगलांसाठी नवीन धोरण येऊ घातलंय. त्याच्या मसुद्यावर ऑनलाइन चर्चा ठेवलीय आणि या खेपेला जंगलातल्या आदिवासींनाही चर्चेत बसवायचंच असं वरून ठरलंय. त्यासाठी प्रत्येक वस्तीला एक 'सहभाग-मित्र' हवा. त्यानं आधी जाऊन मसुदा सोप्या मराठीत समजावून सांगायचा, चर्चेच्या दिवशी यंत्र सुरू करून द्यायचं आणि लोकांचं म्हणणं नोंदवायचं. किनवट तालुक्यातलं कोलामांचं एक पोड माझ्या वाट्याला आलं होतं. कोलाम आपल्या वस्तीला पोड म्हणतात, हेही मला त्याच्याकडूनच कळलं.

"मॅडम, तुम्ही परिसंस्थेचा धडा शिकवायचात तेव्हा डोळ्यांपुढं जंगल उभं राहायचं," असं तो म्हणाला. त्या धड्यावर मी हजार वेळा फळा भरला असेल, पण जंगलात एक रात्रही राहिलेली नाही, हे त्याला सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी नांदेडच्या बसमध्ये बसले.

नांदेड

किनवटची गाडी सकाळची होती, म्हणून नांदेडला एक मुक्काम पडला. संध्याकाळी मसुद्याच्या प्रती काढायला वजिराबादेत गेले. झेरॉक्सच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ होते, नाव सलीमचाचा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि कागद यंत्रातून निघेल तसा वाचायची सवय. मूळ मसुदा इंग्रजीत, चांगला जाडजूड. त्याचा मराठी गोषवारा अकरा पानांचा, आणि तो ज्यानं लिहिला त्याला मराठी माणूस आयुष्यात भेटला नसावा अशी भाषा.

चौथ्या पानावर चाचा थांबले. कुणासाठी चाललंय म्हणून विचारलं. किनवटच्या जंगलात, कोलामांसाठी, असं मी सांगितलं.

"बाई, मी चाळीस साल झालं कागदं काढून राहिलो," ते म्हणाले. "कोर्टाचे काढले, तहसीलचे काढले. हे तर मलाबी समजंना. जंगल वाचवायचं म्हणता आन झाडं तर हितंच खर्ची पडली की."

मी हसले. त्यांनी मग दुकानाच्या मागून चहा मागवला, भरपूर साखरेचा, आणि बसायला स्टूल दिलं. बोलता बोलता निघालं की त्यांची नात माझ्याच क्लासला येणार आहे पुढच्या महिन्यात. खोली कुठं बघावी, मेसचं जेवण कसं असतं, पोरगी रडली तर काय करायचं, असं सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं. मसुद्याच्या प्रती त्यांनी पिन मारून, वर पुठ्ठा लावून दिल्या. मी लॉजवर येऊन तो गोषवारा पुन्हा वाचला आणि त्यातलं कामाचं एवढंच वेगळं काढलं. जंगलातले काही पट्टे पाच वर्षं 'विश्रांती क्षेत्र' म्हणून बंद ठेवायचे. तिथून पान, लाकूड, बांबू काही आणायचं नाही. ज्या वस्त्यांची हरकत नसेल, त्यांच्या बाजूचे पट्टे पहिल्या यादीत घ्यायचे. सोबतच्या नकाशात माझ्या पोडाशेजारचा एक उतार हिरव्या रंगानं रंगवलेला होता.

पोड

किनवट स्टेशनवर मला घ्यायला जंगूबाई आल्या होत्या. या त्याच पोडातल्या, बारावीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेल्या, आता तिथल्या अंगणवाडीत आहेत. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण चालण्याबोलण्यात अशा ठाम की मीच त्यांच्यामागून निमूट चालत राहिले. जीपमध्ये चौदा माणसं होती आणि टपावर सायकल. जीपनं सोडलं तिथून पुढं अर्धा कोस पायवाट, आणि त्या वाटेवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. जंगूबाईंनी पळसाच्या मुळीची साल काढून तो असा बांधून दिला की ती चप्पल मी लातूरपर्यंत घातली.

पोड म्हणजे पंचवीसेक घरं. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, वरून शेणामातीनं लिंपलेल्या. सगळ्या घरांची तोंडं आत वळलेली, आणि मधोमध चावडी. चावडी म्हणजे सहा खांबांवरचं एक छप्पर, बाजूनं उघडं, खाली स्वच्छ सारवलेली जमीन. घरातून बाहेर पाऊल टाकलं की माणूस चावडीसमोरच येतं. मी किल्लारीकडची. आमचं गाव भूकंपानंतर नवं बांधलं ते सरळ रांगांत, रुंद रस्त्यांवर, घरांना नंबर देऊन. इतकी वर्षं झाली तरी आमच्याकडं कुणाचं घर विचारलं तर लोक नंबर सांगत नाहीत, जुन्या गावात ते कुणाच्या शेजारी होतं ते सांगतात. इथं उभं राहिल्यावर मला एकदम हेवा वाटला.

दुपारची वेळ, पण कुणी निवांत नव्हतं. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. अख्खं पोड पहाटेच जंगलात जातं, उन्हं चढली की पानांची गाठोडी घेऊन येतं, मग दाराशी बसून पानांचे पुडे बांधतं, आणि संध्याकाळी ते पुडे घेऊन फळीवर जातं. फळी म्हणजे ठेकेदाराची पानं घ्यायची जागा. वर्षातले हे दोन-तीन आठवडे चुकले तर ते वर्ष हुकलंच. चर्चा नेमकी याच दिवसांत ठेवायची अक्कल कुणाची होती कोण जाणे. आमच्या क्लासनंसुद्धा दिवाळीत कधी पेपर ठेवलेला नाही.

पान संपलं की बांबू. त्याच्या टोपल्या, सुपं, तट्टे विणायचे आणि किनवटच्या बाजारात न्यायचे, हा बाकीच्या वर्षाचा उद्योग. तो बांबू येतो पोडामागच्या उतारावरून. नकाशातला हिरवा उतार तोच. म्हणजे तो पाच वर्षं बंद झाला तर ही माणसं पाच वर्षं काय विणणार, आणि न विणता काय खाणार, एवढाच सगळा प्रश्न होता. अकरा पानांत तो कुठंही लिहिलेला नव्हता.

जंगूबाईंच्या घरी आंबील प्यायले, ताकातली, वर कांदा. ज्वारी आमच्याकडचीच, पण आमच्याकडं आंबील आजाऱ्याला देतात, इथं जंगलातून आलेल्याला देतात. सोबत टेंभुर्णीची पिकलेली फळं होती. तेंदू म्हणजेच टेंभुर्णी, हे मी कधीकाळी पाठ केलेलं होतं. फळ मात्र त्या दिवशी पहिल्यांदा खाल्लं, चिकूच्या जवळपासचं लागलं.

संध्याकाळी फळीवरून परत आलेली माणसं चावडीत बसली. पोडाचे नाईक, म्हणजे प्रमुख, भीमा आत्राम. साठीच्या पुढचे, बारीक, कमी बोलणारे. मी मसुदा समजावून सांगितला. सवयीनं उभं राहूनच सांगितला, बोटांवर मुद्दे मोजत. जंगूबाई मध्ये मध्ये कोलामीत सांगत होत्या. बाया ऐकता ऐकता उद्यासाठी दोरा वळत होत्या. झाल्यावर मी क्लासमध्ये विचारते तसं विचारलं, काही शंका? कुणीच काही बोललं नाही. वर्गातली अशी शांतता मला चांगली ठाऊक आहे. एक तर सगळ्यांना समजलेलं असतं किंवा कुणालाच समजलेलं नसतं.

"ऐकलं," नाईक म्हणाले. "आता जेवून घ्या."

जेवताना जंगूबाईंनी सांगितलं की आमच्यात ज्या दिवशी गोष्ट कानावर येते त्या दिवशी तिचं उत्तर देत नाहीत. माणसं ती घरी नेतात, तिच्यावर झोपतात, मग पोड बसतं. घराघरातलं माणूस बोलतं, बायाही बोलतात, शेवटी नाईक बोलतो, आणि तो बोलतो ते चावडीत बसून. चावडीबाहेर नाईक पोडाच्या वतीनं बोलत नाही. आता अर्धी माणसं फळीवर पान मोजून द्यायला थांबलेली होती, तेव्हा बसणं उद्या संध्याकाळी.

मी म्हटलं, चर्चा तर उद्या अकराला आहे, आणि तीही आश्रमशाळेत, कारण इथं रेंज नाही.

"मग नाईक तिथं काय सांगतील?" जंगूबाईंनी विचारलं.

त्यांना वाटेल ते सांगू देत की, असं मी म्हणाले. वर हेही म्हणाले की लाजायचं काही कारण नाही, समोरची माणसं चांगली आहेत. जंगूबाई उठून भांडी आवरायला लागल्या. त्यांनी मला सगळं सरळ सांगितलं होतं, आणि मी ते लाजाळूपणात काढलं. हे माझं चुकलं.

आश्रमशाळा

शाळेला सुट्टी होती. किल्ल्या अधीक्षकांकडं आणि अधीक्षक लग्नाला गेलेले. शेवटी पहारेकऱ्यानं कॉम्प्युटरची खोली उघडून दिली. आत तांदळाची पोती रचलेली, एका कोपऱ्यात मच्छरदाण्यांचा ढीग आणि मध्ये तीन कॉम्प्युटर. एक चालू झाला. नाईक, जंगूबाई आणि आणखी पाच जण आले होते. त्यांनी त्या दिवशीचं पान बुडवलं होतं, हे मला नंतर समजलं.

पडद्यावर चौकोनच चौकोन. अध्यक्षस्थानी एक बाई होत्या, आवाज गोड, मागं पुस्तकांचं कपाट. त्यांनी सगळ्यांचं स्वागत केलं, आदिवासी बांधवांचं विशेष केलं. मग एका प्राध्यापकांनी सादरीकरण केलं. अधिवास, जैवविविधता, पुनरुत्पादन क्षमता. सगळे माझेच शब्द. मी ते पोरांना पाठ करून घेतलेले आहेत, आणि त्या खोलीत, पोत्यांना टेकून बसलेल्या माणसांमध्ये, मला त्यांची शिसारी आली. सोबत आलेल्यांपैकी एक जण पेंगत होते, पहाटे तीनला उठायची सवय. नाईक मात्र ताठ बसून प्रत्येक चौकोनाकडं आळीपाळीनं बघत होते.

बऱ्याच वेळानं आमचं नाव पुकारलं. दोन मिनिटं होती. मी माइक चालू केला.

"राम राम," नाईक म्हणाले. "तुमचं सगळ्यायचं ऐकलं. आमचं पोड बसलं का मंग सांगतो."

बाईंनी घड्याळाकडं पाहिलं. मग हसून म्हणाल्या, अगदी छान, आपल्या भावना पोचल्या, वेळेअभावी पुढं जाऊ या, आपलं मत कृपया मतदानात नोंदवा. आणि पडद्यावर प्रश्न आला. प्रस्तावित विश्रांती क्षेत्राबद्दल आपल्या वस्तीचं मत काय? चार पर्याय. सहमत, अंशतः सहमत, असहमत, मत नाही. वरच्या कोपऱ्यात घड्याळाचे सेकंद उलटे पळत होते.

नाईक माझ्याकडं बघत नव्हते. त्यांनी सांगायचं ते सांगून झालं होतं. मी पोरांना नेहमी सांगते, उत्तर येत नसेल तर प्रश्न सोडून द्या, उगाच ठोकताळ्यानं खूण करून गुण घालवू नका. इथं सोडून द्यायची सोय नव्हती. सहमत दाबणं खोटं, असहमत दाबणं माझ्या पदरचं. उरला चौथा. अजून ठरलेलं नाही म्हणजे मत नाही, असा हिशोब करून मी 'मत नाही' दाबलं. मला तर त्यात प्रामाणिकपणाच वाटला होता.

शेवटी बाईंनी निष्कर्ष वाचून दाखवला. सहभागी वस्त्यांपैकी एकाही वस्तीची हरकत नाही, ही फार आशादायक बाब आहे. असहमत कुणीच दाबलं नव्हतं, म्हणून हरकत कुणाचीच नाही. आमचा उतार पहिल्या यादीत गेला होता. मी हात वर करण्याचं बटण शोधून दाबेपर्यंत पडदा बदलला. त्यावर जोडलेले हात आणि एक हिरवं पान आलं. पाच मिनिटांत माझ्या मोबाईलवर नाईकांच्या नावाचं सहभागाचं प्रमाणपत्र आलं. मी त्यांना दाखवलं.

"हे कशाचं?" त्यांनी विचारलं.

तुम्ही हजर होतात याचं, मी म्हणाले.

"त्यायनं बघितलं की मला," नाईक म्हणाले, आणि टोपी नीट करून परतीच्या वाटेला लागले. निष्कर्षातलं त्यांना काही उमगलेलं नव्हतं. पोड बसल्यावर सांगतो म्हटलंय, म्हणजे ते लोक थांबलेले असणार, एवढं त्यांच्या मनात स्वच्छ होतं. जंगूबाईंना शंका आली असावी, पण त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दोन कोस उन्हात मी त्यांच्यामागून चालत होते आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

त्या वाटेवर मला आमच्या पत्र्याच्या शेडमधली एक दुपार आठवली. भूकंपाला काही महिने झालेले. मी शाळेत जाणारी होते. एक साहेब भलामोठा नकाशा घेऊन आले, तो त्यांनी खाटेवर पसरला, नवं गाव कुठं, रस्ते कसे, घरं कशी ते सांगितलं आणि विचारलं, कुणाला काही अडचण? साहेब वाईट नव्हते. उन्हातान्हात आले होते बिचारे. कुणी काही बोललं नाही. कुणाच्या घरातलं दुःख अजून ताजं, कुणाचं माणूस अजून दवाखान्यात. साहेबांनी लिहून घेतलं आणि गेले. आईच्या जुन्या चार शेजारणी चार वेगळ्या रांगांत गेल्या आणि पुन्हा कधी एकत्र दळायला बसल्या नाहीत. आई कुणाला दोष द्यायची नाही. "इचारलं न्हवतं असं न्हाई," ती म्हणायची. "इचारलं हुतं. पर ज्या दिशी इचारलं त्या दिशी आमच्यापशी उत्तर न्हवतं." मी हे इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यातलं काही कानात शिरायचं थांबलं होतं. आता मीच नकाशा घेऊन आले होते.

चावडी

फळीवरून सगळे लवकर परतले. दिवेलागणीच्या आधीच पोड बसलं, एकूण एक घर. शेवटच्या घरापासून बोलायला सुरुवात झाली. कुणी कुणाचं तोडत नव्हतं. जंगूबाई माझ्या कानाशी मराठीत सांगत होत्या आणि मी लिहून घेत होते. आयुबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई सगळ्यांत जास्त बोलल्या. उतारावरचं बांबूचं एकेक बेट त्यांना माणसासारखं माहीत होतं. कुठलं तोडायला आलंय, कुठल्याला अजून दोन पावसाळे द्यायला हवेत, ओढ्याकडचं कुठलं बेट नुसतं टेकू म्हणून उभं आहे, सगळं. पावसात कोंब फुटतात तेव्हा तिकडं कुणी फिरकतही नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

ठरलं ते असं. उताराला विश्रांती लागते हे खरं आहे. ओढ्याकडची अर्धी बाजू बंद ठेवा, पोड स्वतः राखण करील. वरची अर्धी पोडाला लागते, ती उघडी राहू द्या. दोन वर्षांनी बाजू बदला. सगळा उतार बंद करायला मात्र पोडाची हरकत आहे. एवढं नेमकं उत्तर माझ्या कुठल्याच बॅचनं कधी दिलेलं नाही. प्राध्यापकांच्या सादरीकरणातसुद्धा नव्हतं. मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

"लिहिलं?" नाईकांनी विचारलं. "आता हे त्या बाईस्नी सांगा. त्या थांबल्या असतील."

मग मला सांगावंच लागलं.

"नाईक, त्या थांबल्या नाहीत. यादी दुपारीच झाली. तुमच्या पोडापुढं हरकत नाही असं लागलंय. ते बटण मी दाबलं."

जंगूबाईंनी ते कोलामीत सांगितलं. माझ्या चार वाक्यांना त्यांना बराच वेळ लागला. कुणी चिडलं नाही, कुणी उठून गेलं नाही. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. आयुबाईंनी माझ्याकडं बघून काहीतरी विचारलं.

"त्या विचारून राहिल्या," जंगूबाई म्हणाल्या, "तुम्ही आमच्या कोण लागता?"

टोमणा नव्हता तो. पोडाच्या वतीनं बोलली म्हणजे ही कुणाची तरी कुणी असणार, कुठल्या घरची लेक का सून, असं त्या खरोखरच विचारत होत्या. मी मान खाली घालून बसले. नाईक म्हणाले, ऐकलं, याचंही उत्तर सकाळी. आणि पोड उठलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. जंगूबाईंनी मात्र न बोलता मला आपल्या शेजारी अंथरूण घातलं होतं, ते मी विसरणार नाही.

सकाळी नाईक चावडीत आले. त्या दिवशीही निम्मं पोड जंगलात जायचं थांबलं होतं.

"तुम्ही लिहा," ते म्हणाले. "काल पोड बसलं नव्हतं तवा तुम्ही बटन दाबलं, ते लिहा. मंग पोड बसलं आन काय ठरलं, तेबी लिहा. दोनी एकाच कागदावर."

मी मसुद्याच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं. पहिल्या भागाखाली माझी सही. दुसऱ्या भागाखाली घराघरातली एक सही किंवा अंगठा. आयुबाईंनी अंगठा उमटवून तो हिरव्या पानाला पुसला आणि कामाला गेल्या.

परत नांदेड

किनवटहून अनिकेतला फोन लावला. तो मनापासून हळहळला. अहवाल वर गेलाय मॅडम, आता प्रक्रिया पूर्ण झाली, पण तुमचं पोड आमच्याकडचं सर्वांत चांगल्या उपस्थितीचं ठरलं, असं म्हणाला. त्याच्यावर रागावायला माझ्यात त्राण नव्हतं. आणि कुठल्या तोंडानं रागावणार होते? त्यालाही मीच शिकवलंय.

नांदेडला उतरून वनखात्याच्या कार्यालयात गेले. आवकच्या टेबलावरच्या कारकुनांनी कागद उलटून पालटून पाहिला. एका बाजूला मसुदा, दुसऱ्या बाजूला अंगठे. मग त्यांनी कॉम्प्युटरवर पोडाचं नाव शोधलं.

"मॅडम, यांचा सहभाग तर झालेला दिसतोय," ते म्हणाले. "मग हे काय?"

"तो सहभाग माझा होता," मी म्हणाले. "त्यांचं म्हणणं हे आहे."

त्यांनी मला जरा न्याहाळलं. माणूस भला होता. विषय काय लिहू म्हणाले, मी सांगितलं, विश्रांती क्षेत्रास पोडाची हरकत. त्यांनी तसंच लिहिलं, शिक्का मारला, पोच दिली आणि उत्तराचं मात्र आपल्या हातात काही नसल्याचं सांगितलं. मी संध्याकाळच्या बसनं लातूरला आले. दुसऱ्या दिवशीपासून नवी बॅच होती.

जून सरला, आषाढही अर्धा झाला. उतारावर कोंब आले असतील. बंदीची पाटी अजून लागलेली नाही आणि यादीतून नावही निघालेलं नाही. मी दोनदा स्मरणपत्र दिलं, दोन्हींची पोच माझ्याकडं आहे. बाजाराच्या दिवशी जंगूबाई किनवटला येतात तेव्हा रेंज मिळते, आणि त्या मला न चुकता फोन करतात. ख्यालीखुशाली होते, मग त्या नाईकांचा निरोप देतात. दर खेपेला एकच असतो.

"नाईक विचारून राहिले ताई, त्या लोकायचं बसणं अजून झालं न्हाई का?"

नाही झालं अजून, असं मी सांगते. बरं, त्या म्हणतात, मोठी गोष्ट हाय, वेळ लागतो, नाईक म्हणले घाई नका करू म्हणावं.